दाराआडची काठी आणि रात्री साडेअकराचा मेसेज

समजा, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. कॉलेजला चार दिवस सुट्टी म्हणून तुम्ही गावी आलाय. गाव कासाकडचं असेल, धुंदलवाडीकडचं असेल, नाहीतर तलासरीतलं उधवा. लाइट गेलेली. तेवढ्यात पाड्याच्या ग्रुपवर एक ऑडिओ येतो: अनोळखी गाडी फिरतेय, पोरं उचलणारी टोळी आहे, सगळ्यांनी काठ्या-कोयते घेऊन बाहेर पडा. पाठवणारा तुमचा मामेभाऊच. त्याला तो आणखी कुठल्या तरी ग्रुपवरून आलेला. आत ताईचं दोन वर्षांचं पोर झोपलंय. काठी दाराआड आहेच. बाहेर माणसं जमल्याचा आवाज येतोय.

तुम्ही बाहेर पडाल. खरं सांगायचं तर मीही पडेन. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती गाडी खरंच समोर येऊन थांबली, तर कायद्यानं तुम्हाला काय करता येतं?

‘सेल्फ डिफेन्समध्ये सगळं माफ असतं’ हे वाक्य आपण कट्ट्यावर ऐकतो, रील्सखालच्या कॉमेंट्समध्ये वाचतो. ते अर्धं खरं आहे. गंमत म्हणजे त्यातला खरा भाग आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. पण उरलेला जो भाग आहे, त्याच्या भरवशावर डहाणू तालुक्यात एका रात्री तीन माणसांचा जीव गेला.

गडचिंचलेची रात्र

२०२० चा एप्रिल आठवा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते, परीक्षा रद्द झाल्याच्या आनंदात. लॉकडाउन लागलेला, हायवे ओस, गावांच्या वेशींवर बांबू आडवे टाकलेले. आणि त्या रिकाम्या रात्रींमध्ये अफवा: चोर फिरतायत, मुलं पळवतायत, किडन्या काढून नेतायत. गावोगाव तरुण पोरं रात्रीच्या पहाऱ्याला बसायची. हे बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटेल, पण या पट्ट्यातल्या माणसांना रात्रीची भीती नवीन नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसत होते. भिंत अंगावर पडेल म्हणून लोक थंडीत घराबाहेर झोपले होते. अशा भागात आधी साथ आली, मग लॉकडाउन, मग हाताचं काम गेलं, आणि वर हे मेसेज.

१४ एप्रिलला कासा भागातल्या सारणीजवळ मदतीच्या कामासाठी आलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवर जमावानं हल्ला केला. सोडवायला गेलेल्या पोलिसांवरही दगड पडले. ती धोक्याची घंटा होती.

दोनच दिवसांनी, १६ एप्रिलच्या रात्री, कांदिवलीहून सुरतकडे निघालेली एक गाडी दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळ गडचिंचले इथं वनखात्याच्या चौकीपाशी अडवली गेली. आत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. गुरूंच्या अंत्यविधीला निघालेले. बघता बघता शेकडो माणसं जमली. गावच्या सरपंच बाईंनी जमावाला समजावायचा प्रयत्न केला, तसं त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. पोलीस आले. त्यानंतरचा व्हिडिओ देशानं पाहिला: म्हातारा साधू पोलिसाचा हात धरून चौकीतून बाहेर येतो, आणि जमाव तुटून पडतो. तिघंही गेले.

पुढच्या काही दिवसांत आणखी एक अफवा जन्माला आली, ती शहरातली आणि शिकलेल्या लोकांची. या खुनाला धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न झाला. तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी अटक केलेल्यांची यादीच जाहीर केली, त्यात एकही मुस्लिम नाही हे दाखवायला. म्हणजे पाड्यावरच्या अशिक्षितांनी मेसेजवर विश्वास ठेवला म्हणून नाकं मुरडणारे लोक स्वतः तेच करत होते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

पहिल्या काही दिवसांतच शंभरहून जास्त जण अटकेत गेले. त्यात अल्पवयीन मुलंही होती. काही पोलीस निलंबित झाले, तपास सीआयडीकडे गेला, आणि २०२२ मध्ये तो सीबीआयकडे द्यायची तयारी राज्य सरकारनं सुप्रीम कोर्टात दाखवली. पुढं अनेकांना जामीन मिळाला. पण रोजावर जाणाऱ्या माणसाला ठाण्याच्या कोर्टाच्या खेपा म्हणजे काय असतात, हे घरात कुणी खटल्यात अडकल्याशिवाय कळत नाही. तारखेचा दिवस म्हणजे बुडालेला रोज, गाडीभाडं आणि वकिलाची फी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू

तेव्हा भारतीय दंड संहिता होती, स्वसंरक्षणाची कलमं ९६ ते १०६. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तीच कलमं ३४ ते ४४ झाली. मजकूर जवळजवळ तोच. कायद्याच्या भाषेत याला ‘खाजगी बचावाचा हक्क’ म्हणतात.

हा हक्क कंजूष नाही. तुम्ही स्वतःचा बचाव करू शकता, दुसऱ्या कुणाचाही करू शकता, अगदी स्टँडवरच्या अनोळखी मुलीचाही. मालमत्तेचा करू शकता, मग ती तुमची असो वा शेजाऱ्याची. कलम ३८ मध्ये अशा सात परिस्थिती दिल्यात, ज्यात बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटणं, बलात्काराचा हल्ला, अपहरणाच्या हेतूनं केलेला हल्ला, ॲसिड फेकणं किंवा फेकण्याचा प्रयत्न ही त्यातली काही. कॉलेजात मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं होतात. लाथ कुठं मारायची, मनगट कसं सोडवायचं हे शिकवतात, ते चांगलंच आहे. पण ‘तू मारलंस तर उलट तुझ्यावरच केस होईल’ ही भीती घालवायला कलम ३८ वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं बहुतेक शिबिरांत कुणी काढत नाही. पळून जायची संधी होती, मग पळाली का नाहीस, हा प्रश्नही कायद्याला मान्य नाही. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की हल्ला झालेल्यानं भेकडासारखं पळावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. बचावाचा घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालता येत नाही, हेही कोर्टांनी वारंवार मान्य केलंय.

मालमत्तेच्या बाबतीत दोर थोडा आखूड होतो. रात्री घर फोडून आत शिरणारा, दरोडेखोर, राहत्या घराला आग लावणारा, यांच्यासमोर कायदा तुम्हाला जवळपास तेवढीच मुभा देतो. पण घोलवडच्या चिकूवाडीत शिरून टोपलीभर चिकू नेणारा? त्याला अडवा, टोपली हिसकावून घ्या, झटापट झाली तर तीही कायद्यात बसेल. जीव घेणं बसत नाही. तो टोपली टाकून पळाला की तुमचा हक्कही तिथंच संपला. मागून धावत जाऊन डोक्यात दगड घालणं हा बचाव नव्हे, सूड झाला.

रेघ आखणारं कलम आहे ३७. त्यातल्या दोन ओळी मी तुमच्या जागी असतो तर पाठ केल्या असत्या. पहिली: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर खाजगी बचावाचा हक्क नाही. दुसरी: बचावासाठी गरजेचं आहे त्याहून जास्त इजा करायचा हक्क कुठल्याच परिस्थितीत नाही.

गडचिंचलेला या रेघेवर ठेवून बघा. गाडी अडवलेली होती. आतली माणसं निःशस्त्र होती. त्यांच्याकडून कुणालाही इजा झाली नव्हती. पोलीस आलेले होते. ‘आम्हाला खरंच वाटलं की ते मुलं पळवणारे आहेत’ हा बचाव इथं टिकत नाही. भीती खरी असेल, मी ती नाकारत नाही. पण कायद्याला रास्त भीती लागते, आणि चुकून झालेल्या कृत्याला माफी मागायची तर ते सद्भावनेनं केलेलं असावं लागतं. सद्भावना या शब्दाला कायद्यात स्वतःची व्याख्या आहे: योग्य ती काळजी घेऊन आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट. नुसतं मन साफ असून भागत नाही. फॉरवर्ड आलेला ऑडिओ ऐकणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. गाडीतल्यांना कुठून आलात हे विचारणं, नंबर प्लेटचा फोटो काढणं, पोलिसांना फोन लावणं, ही काळजी.

आणि मग तो प्रश्न, जो या घटनेवरच्या चर्चेत मी फारसा ऐकला नाही. त्या रात्री स्वसंरक्षणाचा हक्क कुणाला होता?

गाडीतल्या तिघांना. तिथं जमलेल्यांपैकी कायद्यानं हात उचलायचा अधिकार असलेली ती तीनच माणसं. कलम ४४ मध्ये तर उदाहरणच दिलंय: एका माणसाला ठार मारायला जमाव अंगावर आलाय, जमावात मुलंही मिसळलेली आहेत, आणि गोळी झाडल्याशिवाय त्याला जीव वाचवता येत नाही. अशा वेळी त्यातल्या एखाद्या मुलाला इजा झाली तरी त्यानं गुन्हा केला असं कायदा म्हणत नाही. हे उदाहरण १८६० पासून पुस्तकात छापलेलं आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ज्यानं हे लिहिलं, त्याच्या डोळ्यासमोर बचाव करणारा म्हणून एकटा माणूस होता. जमावाची जागा त्यात समोरच्या बाजूला आहे.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला हेच झालं होतं. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून आठवडी बाजारातून ओढत नेलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्यातले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले. तिथंही मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं.

मग बंदूकच द्या ना हातात

इथं हुशार वाचक एक मुद्दा काढेल, आणि तो मुद्दा टाकाऊ नाही. तुम्हीच म्हणता, हक्क एकट्या माणसाला आहे. मग त्या एकट्याच्या हातात काही नको का? आतल्या पाड्यावर पोलीस यायला तास लागतो. गुंडाकडे गावठी कट्टा असतोच, त्यानं कुठं परवाना काढलेला असतो? शस्त्राशिवाय बचावाचा हक्क म्हणजे बुटांशिवाय पळायचा हक्क. आपल्या देशात असं म्हणणारी संघटनाही आहे, नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया. कायदा पाळणाऱ्या नागरिकाला परवाना मिळणं सोपं व्हावं, ही तिची मागणी.

आधी आजची स्थिती. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. वय २१ पूर्ण, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे (जिथं पोलीस आयुक्तालय आहे तिथं आयुक्तांकडे), मग पोलिसांचा अहवाल, मग ‘तुम्हाला कशापासून धोका आहे?’ याचं पटणारं उत्तर. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीनं विनापरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा वाढली, आता किमान दोन वर्षं, कमाल पाच. शेतकऱ्यांसाठी एक वेगळी खिडकी कायद्यात आहे: पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. रानडुकरांनी भात-नागली उद्ध्वस्त केलेल्या माणसाला हे कलम तोंडपाठ असतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, हेही त्याला माहीत असतं. कमरेच्या आकडीतला कोयता, दाराआडची काठी यांचं काय? निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची वस्तू, लाठी, साधी काठी, यांना कायद्यानं ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळलंय. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर काठी घेऊन फिरणंही अडचणीत आणू शकतं.

अमेरिकेत हा सगळा मामला उलटा आहे, म्हणून तिथं डोकावू. तिथं बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क, दुसरी घटनादुरुस्ती. स्वसंरक्षणाचे कायदे प्रत्येक राज्याची विधानसभा आपापले करते. २००५ मध्ये फ्लोरिडानं कायदा केला की तुम्ही कायदेशीरपणे जिथं उभे आहात तिथून मागं हटायची गरज नाही, धोका वाटला तर तिथंच उभं राहून गोळी झाडा. पाठोपाठ निम्म्याहून जास्त राज्यांत तसेच नियम आले. आपल्याकडे शस्त्रांबाबत विधानसभेला असं करता येत नाही. शस्त्रं हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या सूचीत आहे. राज्याकडे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था.

आता २०२३ च्या एप्रिलमधली मिझुरीतल्या कॅन्सस सिटीची घटना ऐका. सोळा वर्षांचा एक मुलगा धाकट्या भावंडांना आणायला गेला आणि सारख्याच नावाच्या दुसऱ्या गल्लीत जाऊन चुकीच्या घराची बेल वाजवली. घरात ८४ वर्षांचा म्हातारा. भीती वाटली म्हणून त्यानं दारातूनच गोळ्या झाडल्या, एक डोक्याला लागली. मुलगा नशिबानं वाचला. बेल वाजवणं आणि गोळी लागणं यात कुणाला काही विचारायला वेळच मिळाला नाही.

आता सारणीचा डॉक्टर आठवा. जमावाच्या हातात दगड-काठ्या होत्या, म्हणून मधल्या वेळात पोलीस पोचू शकले. रात्रीच्या प्रत्येक पहाऱ्यात दोन बंदुका असत्या तर? बंदूक त्या एकट्या प्रवाशाच्या हातात असेल असं गृहीत धरून आपण वाद घालतो. पण परवाने सढळ वाटले तर जिकडं माणसं जास्त तिकडंच बंदुका जास्त. गडचिंचलेत गाडी चौकीपर्यंतसुद्धा पोचली नसती. माझं मत विचाराल तर या एका कारणासाठी मी परवाना सोपा करण्याच्या विरोधात आहे. पोलीस तासानं येतात ही तक्रार मात्र शंभर टक्के खरी, आणि तिचं उत्तर बंदुकीला नकार देऊन आपोआप मिळत नाही.

हा वाद नवा आहे असं समजू नका. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा भारतीयांकडून परवाना मागायचा आणि गोऱ्यांना सूट द्यायचा. तो अपमान लोकांच्या मनाला लागला होता. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसनं मूलभूत हक्कांची यादी केली, तीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्कही होता. मग तो घटनेत का आला नाही? १९४८ च्या डिसेंबरमध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संकटात राज्यानं हाक दिली तर शस्त्र हाती घेणं हे नागरिकाचं कर्तव्य असेल, पण प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहिलं तर सराईत गुन्हेगारही तोच हक्क सांगेल. दुरुस्ती पडली. घटनेत जे आलं ते कलम १९: शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. हा ‘विनाशस्त्र’ शब्द वाचताना मला नेहमी तलासरी आठवते.

तलवाडा, १० ऑक्टोबर १९४५

हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जमिनी सावकार-जमीनदारांच्या, त्यावर राबणारे वारली. वेठबिगार होती, आणि लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवरा-बायको दोघांना धन्याकडे राबायला लावणारी लग्नगड्याची पद्धत होती. १९४५ मध्ये किसान सभेनं, शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी, या लोकांना संघटित केलं. मे महिन्यात झरीला परिषद झाली, वेठ करायची नाही असं ठरलं, आणि गवतकापणीला रास्त मजुरीची मागणी पुढं आली.

१० ऑक्टोबरला तलासरी परिसरातल्या तलवाड्याला हजारो वारली जमले. का जमले? गोदावरी परुळेकरांनी आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आणि चळवळीतल्यांनी नंतर जी हकिकत सांगितली, ती अशी: पाड्यापाड्यांवर खोटा निरोप फिरवला गेला होता. बाईंची सभा आहे, त्यांच्यावर जमीनदारांचे गुंड चालून येणार आहेत, काठ्या घेऊन या. लोक आपल्या माणसाला वाचवायला आले. आणि दुसरीकडे पोलिसांना कळवलं गेलं की आदिवासी दंगलीसाठी जमलेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. दरवर्षी १० ऑक्टोबरला त्यांना अभिवादन करायला लोक आजही जमतात.

पुन्हा वाचा. निरोप खोटा, भीती खरी, हातात काठी, रात्र, आणि याच मातीतली माणसं. पंचाहत्तर वर्षांचं अंतर सोडलं तर यंत्र तेच आहे. १९४५ च्या त्या माणसांची आणि २०२० च्या जमावाची तुलना मी करत नाही. तलवाड्यात जमलेल्यांनी कुणाला मारलं नव्हतं. साम्य आहे ते निरोपात. तलवाड्याचा निरोप कुणाच्या फायद्याचा होता हे आपल्याला माहीत आहे. ‘काठ्या घेऊन बाहेर पडा’ असा मेसेज आला की तो कुणाच्या फायद्याचा आहे हे विचारायची सवय या भागातल्या माणसाला तरी असायला हवी. आणि अशा खोट्या निरोपावर जमलेल्या गर्दीत दोन्हीकडं बंदुका असत्या, तर मेलेल्यांचा आकडा पाचच राहिला असता का, याचाही विचार करा.

मग पाड्यानं काय करायचं?

काहीच नाही, असं उत्तर देणारे पुण्या-मुंबईत खूप भेटतात. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो.

गस्त घालणं बेकायदा नाही. उलट गावकऱ्यांच्या संरक्षण दलाची सोय राज्याच्या पोलीस कायद्यातच आहे. पोलीस अधीक्षकांमार्फत ग्रामरक्षक दल उभं राहू शकतं. नावांची नोंद असते, ठाण्याशी संपर्क असतो, आणि रात्री कोण फिरतंय हे पोलिसांना माहीत असतं. आपले आपण काठ्या घेऊन निघणं आणि हे, यात फरक फक्त नोंदवहीचा वाटेल. पण नाव लिहिलेला माणूस दगड उचलताना एकदा तरी थांबतो. गर्दीत नाव नसतं. गडचिंचलेत व्हिडिओ बघून नावं शोधावी लागली.

पोलीस पाटील हे दुसरं पद. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं नेमलेला, गावातलाच माणूस, कधी बाई. अनोळखी माणूस गावात आला तर पहिला फोन त्यांना, दुसरा ११२ ला.

आणि संशयित खरंच गुन्हा करताना सापडला तर? धरून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० साध्या नागरिकालाही अटकेचा अधिकार देतं, पण गुन्हा तुमच्यासमोर घडलेला हवा, दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि धरलेल्या माणसाला विनाकारण न थांबवता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. त्या सहा तासांत त्याला पाणी द्यायला कायद्यानं कुठंही बंदी नाही. बांधून मारायला मात्र आहे, आणि तिथं ‘मी फक्त उभा होतो’ हेही चालत नाही. कलम १९० प्रमाणे बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी झालेल्या गुन्ह्याला त्या जमावातला प्रत्येक जण जबाबदार. मोबाइलचा टॉर्च धरून उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगासुद्धा चौकशीला जातो, आणि पुढं नोकरीच्या पडताळणीत ती केस त्याच्या नावापुढं उभी राहू शकते. पोलीस भरतीची तयारी करणारी किती मुलं डहाणू-चारोटीच्या रस्त्यावर पहाटे पळताना दिसतात, ते तुम्ही बघताच.

तर पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. साडेअकरा वाजलेत, ऑडिओ आलाय, बाहेर माणसं जमतायत. त्या गर्दीत कदाचित कॉलेजला जाणारे तुम्ही एकटेच असाल. लोक तुमचं ऐकतील याची खात्री नाही. सरपंच बाईंचंही ऐकलं नव्हतं. पण ग्रुपवर ‘हे तुला कुणी पाठवलं?’ असं त्याच मिनिटाला तुम्ही लिहू शकता. मामेभावाला फोन करून विचारू शकता, गाडी तू स्वतः पाहिलीस का. बहुतेक वेळा तिथंच उत्तर येतं, की नाही, मलाही तिकडून आला. हा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. गाडी खरंच आली तर चाकाखाली दगड लावा, लांब उभे राहा, नंबर वाचा, फोन लावा.

त्यासाठी एक काम मात्र आजच, दिवसाउजेडी करावं लागेल. पोलीस पाटलांचा नंबर तुमच्या फोनमध्ये कुठल्या नावानं सेव्ह आहे ते बघा. आणि पाड्यावर रेंज नक्की कुठं येते तेही. चिंचेखाली, शाळेच्या पायरीवर, की थेट टेकडीवर चढावं लागतं.